परतीची तारीख

दारातल्या टपालाच्या फटीवरची लोखंडी झडप खाडकन आपटली, आणि पाऊण तास थोपटून झोपवलेली रुजू डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली. रडली नाही. तो आवाज मीच केला असावा अशा नजरेनं नुसती बघत राहिली.

"या पोस्टमनला कुणीतरी सांगा गं, घरात लेकरू आहे म्हणून," आई आतून म्हणाली.

आई बॅगा भरत होती. मोठ्या बॅगेत तिचं सामान, लहान निळ्या बॅगेत रुजूचं. मंगळवारी सकाळी डब्लिनहून दोघींचं विमान होतं. दुबई, मुंबई, तिथून रेल्वेनं मिरज. आणि तो गुरुवार होता.

रुजू तेव्हा आठ महिन्यांची होती. मी किलमोरन गावच्या रुग्णालयात नर्स, सुहास गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात पॅकिंगला. पाळणाघरात नाव घातलं होतं, पण तिथली बाई दर वेळी गोड हसून 'पुढच्या सप्टेंबरात बघू' म्हणायची. माझी रजा त्याच महिन्यात संपत होती, आईचा नव्वद दिवसांचा व्हिसाही. या सगळ्या तारखा एकमेकींत बसवून बघितल्या की एकच गोष्ट शिल्लक राहायची, रुजूनं आजीबरोबर जायचं. दोन-अडीच वर्षांची झाली की आणू, सुहास म्हणाला होता. आपल्याकडच्या कितीतरी नर्सेसनी हेच केलंय, दिवस बघता बघता जातात. हे सगळं तो डब्याचं झाकण पुसत म्हणाला होता. ते झाकण आधीच कोरडं होतं. आई म्हणाली होती, "मी काय, सांभाळीन," एवढंच.

अडचण एकच उरली होती. रुजू बाटली तोंडात घेईना. तीन तऱ्हेची रबरी बुचं आणून झाली, चमचा करून झाला. चमचा ती हातानं उडवायची आणि हसायची.

"बोंडलं असतं तर प्रश्नच नव्हता," आई म्हणाली. "तुला मी बोंडल्यानंच पाजलंय. चोच ओठाला लावली की पोर गटागटा पितं. मिरजेत मिळेल गं, पण मिरज गाठेपर्यंत हिच्या पोटात काय घालू?"

बोंडलं मी आजोळी बघितलेलं होतं. मुठीत मावेल एवढं, पुढं चोच काढलेलं भांडं. आता कुणाच्या घरात नसतं.

झडपेतून पडलेला कागद मी उचलला. बराकीचं संग्रहालय शनिवारी सगळ्यांना बघायला खुलं, रहिवाशांनी जरूर यावं.

आम्ही राहत होतो ती इमारतच बराक होती. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी घोडदळासाठी बांधलेली. ते गेले तेव्हा आयरिश सैन्य आलं, आणि दहा वर्षांपूर्वी तेही इथून हललं. मग गावच्या कौन्सिलनं सैनिकांच्या खोल्यांची घरं केली आणि फाटकाजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत छोटं संग्रहालय मांडलं. भिंती दोन हात जाड. खिडक्या अशा अरुंद, की रुजूचे लंगोट वाळायला ऊन नेहमी एका पट्टीतच मिळायचं. आमच्या दारावर जुना आकडा होता, तीन वेळा रंग देऊनही खालून वर यायचा.

शनिवारी सुहासला जादा पाळी होती. आई म्हणाली, "चल, बघून तरी येऊ. तीन महिने कुणाच्या घरात राहिले ते कळू दे."

संग्रहालय टॉम गेराटी सांभाळायचे. सत्तरी ओलांडलेले, ताठ, बुटांना रोज पॉलिश. याच बराकीत एकोणतीस वर्षं ते कोठाराचे सार्जंट होते. बूट, घोंगड्या, कंदील, बंदुका, जे काही बाहेर गेलं आणि आत आलं ते त्यांच्या सहीनं. सैन्य गेलं, पण किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडेच राहिला. अंगणात भेटले की मान हलवायचे, रुजूला बोटानं सलाम ठोकायचे.

त्यांनी आईला सगळं हौसेनं दाखवलं आणि मी मधे उभी राहून मराठीत सांगत गेले. आमचा जिना म्हणजे लग्न झालेल्या शिपायांची जागा. आमच्या स्वयंपाकघरात म्हणे चार कुटुंबं राहायची, मधे घोंगड्या टांगून.

"चार बायका आणि एक चूल?" आई म्हणाली. "मग लढाईला लांब कशाला जायचे?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. टॉम इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तेव्हापासून ते माझ्याकडे बघेनातच, थेट आईशी बोलायला लागले. तिला इंग्रजी येत नाही हे त्यांनी मनावर घेतलं नाही.

भिंतीवर पलटणींची यादी होती. कुठली कधी आली, कुठं गेली. त्यात कामठी होती, देवळाली होती, अहमदनगर होतं. आपल्या गावांची नावं त्या थंड खोलीत इंग्रजीत वाचताना मला कसंसंच झालं. टॉम म्हणाले, पलटण हिंदुस्थानला निघाली की मोजक्याच बायकांना बरोबर नेत. पलटणीच्या यादीत जिचं नाव तिलाच जहाजावर जागा. बाकीच्या बंदरापर्यंत जात आणि तिथून परत येत.

"म्हणजे तेव्हाही व्हिसाच," आई म्हणाली.

पुढं काचेचं कपाट होतं. संगिनी, पितळी बटणं, एक बिगूल. आणि काडतुसांची पेटी नि बंदुकीची नळी साफ करायचा गज यांच्यामध्ये एक काळपट, चोचीचं भांडं. खाली टॉमच्या वळणदार अक्षरातलं कार्ड. 'बंदुकीच्या तेलाची कुपी. कथील. अंदाजे १८८०. कडेला ठिपक्यांची नक्षी.'

आई थांबली. काचेला नाक लागेल इतकी वाकली.

"कल्याणी, यांना सांग, हे बोंडलं आहे."

"आई, त्यांनी लिहिलंय..."

"लिहू देत. बाळाचं भांडं बंदुकांत मांडून ठेवलंय. सांग त्यांना."

मी जमेल तितकं मऊ करून सांगितलं. टॉमना ते आवडलं नाही. त्यांनी मान हलवली. ही वस्तू बाहेरची नव्हे, त्यांच्या स्वतःच्या घरातली. आजीच्या शिवणयंत्राला याच्यानंच तेल घालायचे, लहानपणी ते काम टॉमचं. आजीचे आजोबा सैन्यात होते, त्यांची ही कुपी. पलटणीबरोबर हिंदुस्थानातून परत आले ते एक लहान मुलगी घेऊन. एलन तिचं नाव, टॉमच्या आजीची आई.

"एलनची आई तिकडंच वारली," टॉम म्हणाले. "इथलीच असणार कुणीतरी, बिचारी." सगळ्यांच्याच घरात अशी वाक्यं असतात. कुणी तपासत नाही, पिढ्यान् पिढ्या तशीच दिली जातात.

आईनं हात पुढं केला. टॉम जरा घुटमळले, मग कपाटाचं कुलूप काढलं. आईनं भांडं ओढणीच्या टोकानं घासलं, खिडकीच्या उजेडात नेलं, फिरवलं. घासलेल्या जागी काळ्याखालून पांढरी चमक आली.

"कथील कुठलं, चांदी आहे," ती म्हणाली. मग ठिपक्यांवरून बोट फिरवत सावकाश वाचलं, "स... गु... णा. सगुणा. आणि हे पुढं, नगर."

सोनारानं खिळ्यानं ठोकून काढावं तसं नाव होतं. वरची रेघसुद्धा ठिपक्यांची. मी टॉमना अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. सत्तर वर्षं त्यांनी त्या नक्षीवरून तेल पुसलं होतं.

"सगुणा," ते म्हणाले. त्यांना ते नीट म्हणता येईना. "म्हणजे एलनचं तिकडचं नाव का हे?"

आईला विचारलं. ती नाही म्हणाली.

"बाळाचं नाव कोण घालतं भांड्यावर? ज्याचं भांडं त्याचं नाव. शेजारी कालवण दिलं, लग्नघरी भांडी गेली, तर नाव बघून आणून देतात. भांडं घरी परत यावं म्हणून नाव घालायचं."

हे मला इंग्रजीत सांगायचं होतं. रुजू माझ्या कडेवर होती. मी अर्ध्यात थांबले आणि शब्द सापडत नसल्यासारखं दाखवलं. मग सांगितलं.

टॉम आतल्या खोलीत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. बराकीतल्या शाळेच्या मुलांची यादी. पान त्यांना पाठ असावं, लगेच उघडलं. एलन, वय चार, जन्म अहमदनगर, वडील शिपाई. आईच्या रकान्यात एक आडवी रेघ.

"मी ही रेघ शंभर वेळा बघितली असेल," ते म्हणाले. "मला वाटायचं, आई वारली म्हणून रेघ." त्यांचं बोट तीन ओळी खाली गेलं. तिथं दुसऱ्या मुलाच्या आईपुढं लिहिलं होतं, 'मृत'. आणखी खाली पुन्हा, 'मृत'. पानभर रेघ एकच होती.

"ही बाई एखादी दाईही असू शकते," ते म्हणाले.

"दाई स्वतःचं चांदीचं भांडं देत नाही," आई म्हणाली. "आणि बोंडल्यानं पिणारं म्हणजे वर्षाच्या आतलं पोर. त्याच्या पुढचं पेल्यानं पितं."

मग तिनं रुजूकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. तेवढ्यात रुजूनं झेप घेऊन भांडं धरलं आणि चोच तोंडात घालायला निघाली. शंभर वर्षांचं तेल प्यायलेलं ते भांडं मी कसंबसं सोडवलं, ती चिडून ओरडली, आणि आम्ही सगळे हसलो. हसता हसता मी टॉमना सांगून टाकलं, की ही बाटली घेत नाही, आणि मंगळवारी आजीबरोबर मिरजेला चाललीय.

"परत कधी?"

"बघू. दोन-तीन वर्षांनी."

त्यांनी मान हलवली. कपाटाला कुलूप लावताना मात्र ते भांडं त्यांनी आत ठेवलं नाही.

घरी गेल्यावर मी सुहासला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, भांडं खरंच चांदीचं का विचारलं, आणि जेवून झाल्यावर निळ्या बॅगेची चाकं तपासत बसला. रविवारी आम्ही तिघांनी रुजूचे खूप फोटो काढले.

सोमवारी दुपारी सुहास नुकताच पाळीवरून आला होता, तेव्हा दार वाजलं. टॉम होते. एका हातात बुटाचं खोकं, दुसऱ्या हातात कार्बन घातलेलं जुनं पावती-पुस्तक. खोक्यात मऊ कापडावर बोंडलं होतं, लखलखीत. त्यांनी ते घासलं होतं, सोड्यात भिजवलं होतं, तीनदा उकळलं होतं. नर्सला सांगताना ते 'तीनदा' वर जोर देऊन थांबले.

"प्रवासापुरतं नाही," ते म्हणाले. "तिकडं असेपर्यंत वापरा. पण उसनं आहे. कोठारातून वस्तू चिठ्ठीशिवाय जात नाही."

त्यांनी टेबलावर पुस्तक उघडलं आणि उभ्यानंच लिहिलं. वस्तू, चांदीचं बोंडलं, एक. कुणाकरता, रुजुता. मग पुस्तक माझ्याकडं फिरवून पेन दिलं. सहीच्या वर एक रकाना मोकळा होता. परतीची तारीख.

"अजून नक्की नाही," सुहास म्हणाला. "सोयीनं आणू, असं लिहिलं तर?"

"तसा रकाना नाही."

"अंदाजे लिही गं काहीतरी," सुहास मला मराठीत म्हणाला.

टॉमना भाषा कळली नाही, पण आम्ही काय बोललो ते कळलं असावं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, एकोणतीस वर्षं मी हे काम केलं. तारीख घातलेली वस्तू परत येते. कधी उशिरा येते, मोडून येते, पण येते, कारण त्या दिवशी कुणीतरी तिची वाट बघत दारात उभं असतं. "तारीख नसेल तर आम्ही धरायचो, की गेली."

मी पेन धरून बसले. आई चुलीशी पाठ करून उभी होती, पण तिचा हात थांबला होता. त्या मोकळ्या रकान्यात पेन टेकलं तर आडवी रेघच उमटेल असं मला वाटायला लागलं.

मी लिहिलं, १ मार्च.

सुहासनं ते वाचलं. बोटांवर मोजलं. "चार महिने आणि थोडे दिवस. कसं जमणार, कल्याणी?"

"माहीत नाही."

 मग त्यानं पेन माझ्या हातातून घेतलं. मला वाटलं, खोडतोय. त्यानं माझ्या सहीखाली आपली सही केली.

टॉमनी वरची चिठ्ठी फाडून आम्हाला दिली, कार्बनची आपल्याकडं ठेवली, रुजूला बोटानं सलाम केला आणि गेले.

संध्याकाळी आईनं बोंडल्यात दूध घेतलं, रुजूला मांडीवर आडवं घेतलं आणि चोच ओठाला लावली. रुजू विचारात पडली. मग प्यायली. गटागटा, आई म्हणायची तशीच. दूध नाकाशी आलं तरी थांबेना.

"मार्च लिहिलंस," आई खाली बघतच म्हणाली. "मला वाटलं होतं, तू मला विचारशील, आई, मी काय करू? तीन महिने वाट बघितली. उत्तर तयार ठेवलं होतं."

"काय होतं?"

"आता कशाला? दूध आण अजून."

मंगळवारी त्या गेल्या. विमानतळावर काचेपलीकडं आईच्या खांद्यावरून रुजू माझ्याकडं बघत होती, झडप वाजली तेव्हा बघत होती तशीच.

चार महिने आम्ही फक्त तारखेचं काम केलं. सुहासनं कारखान्यात संध्याकाळची पाळी मागितली. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा मिळाली. मी वॉर्डातली बढतीची परीक्षा सोडली आणि शनिवार-रविवारच्या पाळ्या घेतल्या, म्हणजे दोघांपैकी एक जण नेहमी घरी. चिठ्ठी फ्रिजवर लावलेली होती. टॉम अंगणात भेटले की फेब्रुवारीत किती दिवस असतात असं विचारायचे, जसं काही त्यांना माहीतच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी मिरजेला गेले. रुजू आता उभी राहत होती. मला बघितलं आणि आईच्या पायांमागं गेली. आईनं तिला पुढं ढकललं नाही, मलाही समजावलं नाही. फक्त निघताना बोंडलं माझ्या हातात देण्याआधी त्यात साखर भरली आणि तोंडाला फडकं बांधलं. "भांडं रिकामं पाठवू नये. त्यांना सांग."

दुबईत पुढचं विमान चुकलं. आम्ही बराकीच्या फाटकातून आत आलो तेव्हा २ मार्चची दुपार होती. टॉम पहारेकऱ्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. कालही दिवसभर उभे होते, सुहासनं नंतर सांगितलं. त्यांनी फडकं सोडलं, साखर बघितली, मी आईचा निरोप दिला. त्यांनी कार्बनची चिठ्ठी काढून तिच्यावर लिहिलं, 'परत. साखरेसह. एक दिवस उशीर.' आणि तिथंच एक चिमूट तोंडात टाकली.

रुजू अकरा दिवस आजीसाठी रडली. बाराव्या दिवशी सकाळी माझ्या नाकात बोट घातलं आणि हसली.

याला आता सहा वर्षं होत आली. आम्ही अजून याच जिन्यावर राहतो. टॉम थकलेत, पण शनिवारी खोली उघडतात. बोंडलं आता बंदुकांत नाही. त्याला खिडकीशी वेगळी काच केलीय, आणि खाली नवं कार्ड आहे. 'बाळाला दूध पाजायचं भांडं. चांदी. सगुणा यांचं. नगर.' मराठीत मी लिहिलंय, इंग्रजीत त्यांनी. शाळेच्या वहीतल्या त्या रेघेला कुणी हात लावलेला नाही. टॉम म्हणाले, वही आहे तशीच राहू दे.

रुजूला ही गोष्ट पाठ आहे. 'एक दिवस उशीर' तिला सगळ्यांत आवडतं, ते टॉमच्या आवाजात म्हणून दाखवते. मराठी अक्षरं मी तिला नाश्त्याच्या वेळी शिकवते, तेवढाच वेळ मिळतो. गेल्या शनिवारी ती काचेला नाक लावून उभी राहिली आणि बोटानं ठिपके जोडत पहिल्यांदा स्वतः वाचलं. स, गु, णा.

 काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ मोठं होत गेलं.

"आई," ती म्हणाली, "टॉमआजोबा दोन दिवस दारात उभे राहिले, कारण त्यांना तारीख माहीत होती ना?"

"हो."

"मग सगुणा किती दिवस उभी राहिली?"